खुडूक कबरी

९ जानेवारी

तेहतीस वर्षं ग्रामसेवक म्हणून लोकांना नोटिसा बजावल्या, आज एक माझ्या दारात आली. नगरपरिषदेची. वाचून आधी राग आला नाही, आधी मसुदा तपासला. जावक क्रमांक आहे, तारीख आहे, कलमाची जागा कोरी. असा कागद मी कुणाला दिला असता तर साहेबांनी तो माझ्याच तोंडावर मारला असता.

विषय : घरामागे कोंबड्या पाळून शेजाऱ्यांस उपद्रव. तक्रारदाराचं नाव नाही, पण अख्ख्या बिलोलीत ‘उपद्रव’ म्हणणारा माणूस आमच्याच भिंतीला भिंत लावून राहतो. रेणुकादास सर, निवृत्त संस्कृत शिक्षक. आमचा कोंबडा चारला आरवतो आणि सर पाचला उठतात. मधल्या एका तासाची ही तक्रार.

कोंबड्या तशा माझ्या नाहीत, सिंधूच्या आहेत. ती होती तोवर मी त्यांच्यावर खेकसायचो, कारण त्या नेमक्या माझ्या चपलेवर शिटायच्या. दिवाळीला तिला जाऊन दोन वर्षं झाली. तिच्या तेराव्याला एका पाहुण्यानं विचारलं, आता या कोंबड्यांचं काय करणार, आणि मला त्याच्या डोळ्यांत रस्सा दिसला. त्या दिवसापासून मी पाळतो. कोंबडा धरून पंधरा आहेत. बहुतेक सगळ्या एका कबरीच्या पोटच्या, आणि ती कबरी सिंधूनं माहेराहून आणलेल्या कोंबडीच्या वंशातली.

नोटिशीला उत्तर द्यायचं म्हणून कपाटातली ही कोरी वही काढली. उत्तर एका पानात संपलं. उरलेली वही आता रोज थोडी भरावी म्हणतो. घरात बोलायला तसंही कुणी नाही.

१२ जानेवारी

खुराडं भिंतीपासून सरकवलं, चुना मारला, जाळी ठोकली. उत्तर घेऊन नगरपरिषदेत गेलो. बाबू म्हणाला, “ठेवा तिथं, बघतो.” मी म्हणालो, आधी आवक क्रमांक. त्याला तो टाकायचा कंटाळा, मला उभं राहायचा नाही. शेवटी टाकला.

नोकरीत माझ्याकडून कामं रखडली, खोटं कशाला बोलू. पण अर्ज घेऊन आलेल्या माणसाला नंबराशिवाय कधी परत पाठवलं नाही, आणि खोटा नंबर तर कुणालाच सांगितला नाही. गरिबाचा कागद कचेरीत जातो, त्याच्या हातात एवढा आकडाच राहतो. तो तरी खरा असावा.

१४ जानेवारी

संक्रांत. सरोजिनीबाई, म्हणजे सरांच्या मंडळी, तिळगूळ घेऊन मागच्या दारानं आल्या. जाताना पदराखाली चार अंडी घेऊन गेल्या. डॉक्टरांनी गुडघ्यासाठी सांगितली आहेत म्हणे. सरांना माहीत नाही. उपद्रव पुढच्या दारानं येतो आणि अंडी मागच्या दारानं जातात. सिंधू असती तर दिवसभर हसली असती.

१९ जानेवारी

कचेरीमागच्या लिंबाखाली कावळे मरून पडले. सात की आठ. लोक म्हणतात, कुणीतरी विष घातलं. जनावरांच्या दवाखान्यातले लोक पिशवीत घालून घेऊन गेले.

२२ जानेवारी

कबरी खुडूक झाली. तीन दिवस अंडं नाही, कोपऱ्यात पिसं फुलवून बसते, हात नेला की गुरगुरते. संध्याकाळी आरतीला फोनवर सांगितलं तर पोरगी लहान असल्यासारखी ओरडली, “अप्पा, मला द्या की! माझ्या इथं दोन हायेत खुडूक, पण आईच्या कबरीची सर न्हाई.”

आरती माझी एकुलती लेक, भोकरजवळ सावळवाडीला दिली. पाच वर्षं सासरी तोंड वर करून बोलली नव्हती. मागच्या वर्षी बचत गटातून गावरान कोंबड्या घेतल्या, आता चाळीस आहेत. तिचं बघून गल्लीतल्या अकरा बायकांनी घेतल्या. आता जावईबापू बालाजीसुद्धा, “आरतीला विचारून सांगतो,” म्हणतात. हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे.

आमच्याकडे खुडूक कोंबडी अशी देतातच. जिच्याकडे अंडी आहेत पण बसायला कोंबडी नाही, ती दुसरीकडून खुडूक मागून नेते, आणि पिल्लं निघाली की कोंबडी परत येते, सोबत दोन पिल्लं. सिंधूनं सगळ्या गल्लीला अशी कबरी फिरवली होती. खुडूक कोंबडीला कुणी नाही म्हणत नाही, जसं कुणी विरजणाला नाही म्हणत नाही.

पुढच्या आठवड्यात नेऊन देतो म्हणालो.

२४ जानेवारी

सकाळी खुराड्यात काळी कोंबडी मरून पडलेली होती. म्हातारीच होती ती आणि थंडीही कडाक्याची आहे. परसात लिंबोणीखाली पुरली. कळवण्यासारखं काही नाही.

दुपारी रिक्षावरून पुकारलं. कावळ्यांच्या तपासणीचा निकाल आला, बर्ड फ्लू आहे. कचेरीपासून एक किलोमीटरच्या आतले सगळे पाळीव पक्षी मारणार, परवापासून गल्लीवार येणार. आजपासून पक्षी, अंडी, खुराड्याचं सामान, काहीही हद्दीबाहेर न्यायला बंदी. आमचं घर आठशे मीटरवर पडतं. मी पावलांनी मोजलं, दोनदा.

आदेश बरोबर आहे. मी त्या खुर्चीवर असतो तर हाच काढला असता. साथीत एका घराला सूट दिली की सगळं मुसळ केरात.

पण माझ्या कोंबड्या ठणठणीत आहेत. आणि कबरी तर जाळी ठोकल्यापासून बाहेर गेलेलीच नाही. तिनं कावळा पाहिला नाही आणि कावळ्यानं तिला. मग ती कुठल्या नियमानं मरायची? सिंधूचं म्हणावं असं या घरात आता काय आहे? लुगडी पाहुण्यांनी नेली. पाटल्या आरतीला दिल्या. तिच्या हातचं जिवंत असं हेच एक उरलं आहे.

२५ जानेवारी

नेली.

पिशवीत गवत घातलं, वर कबरी, तिच्यावर टॉवेल. धर्माबाद, उमरी करत भोकरला पोचायला बस बदलत साडेतीन तास लागले. मांडीवर पिशवी. कोंबडीनं सगळ्या वाटेत ब्र काढला नाही. दुसरी असती तर कंडक्टरनं दोघांना खाली उतरवलं असतं. पण खुडूक कोंबडी ही अशीच, बसली की बसली. खात नाही, पीत नाही, डोळे मिटून राहते. टॉवेलखालून हात लावला तर अंग चटका बसावा असं तापलेलं. खुडूक कोंबडीचं अंग तापतंच, त्याशिवाय पिल्लं कशी निघतील. तुरा जरा काळसर दिसला, पण गाडीत उजेड कमी होता.

उमरीला पोलीस गाडीत चढला तेव्हा मी पिशवीवरचा टॉवेल नीट केला. तो पुढच्या स्टॉपला उतरला. बासष्टाव्या वर्षी मी चोरासारखा खिडकीबाहेर बघत बसलो होतो.

आरतीनं पिशवीत डोकावलं आणि तिचे डोळे भरून आले. “आईची कबरी,” एवढंच म्हणाली. चुलीजवळच्या कोपऱ्यात टोपली केली, भुस्सा घातला, अकरा अंडी मांडली. कबरी गुमान बसली. मग तिनं विचारलं, “अप्पा, तिकडं कावळे मरून राहिलेत म्हणं?”

“ते कचेरीकडं. आपल्या गल्लीत काय न्हाई,” मी म्हणालो.

“तुमच्या कोंबड्या?”

“एकदम चांगल्या हायेत.”

काळीचं सांगितलं नाही. एका म्हातारीसाठी पोरीच्या जिवाला घोर कशाला लावायचा.

आज बसवली, एकविसाव्या दिवशी पिल्लं. म्हणजे १५ फेब्रुवारी.

२७ जानेवारी

पांढरे कपडे घातलेली पाच माणसं आली. सोबत मालविका म्हणून डॉक्टरबाई, वयानं आरतीएवढ्या. म्हणाल्या, “काका, तुम्ही घरात बसा, आम्ही करतो.” मी म्हणालो, त्या तुमच्या हाताला यायच्या नाहीत, पळापळ होईल. एकेक मीच धरून दिली. माझ्या हाताला त्या पंख फडफडवत नाहीत. आज पहिल्यांदाच वाटलं, फडफडवल्या असत्या तर बरं.

कोंबडा शेवटी. रेणुकादास सर गच्चीवर तोंडाला रुमाल बांधून उभे होते. मला वाटलं, खूश असतील. ते मान फिरवून खाली गेले.

फॉर्मवर पक्ष्यांची संख्या लिहायची होती. तेरा लिहिलं. बाईंनी विचारलं, “काका, कुठं हलवले तर नाहीत ना पक्षी? मागच्या आठवड्यात मेला होता एखादा? सगळ्यांनाच विचारावं लागतं.” मी म्हणालो, “मी तेहतीस वर्षं ग्रामसेवक होतो, बाई.” त्या ओशाळल्या. “सॉरी काका,” म्हणाल्या आणि दोन्ही रकान्यांत स्वतःच ‘नाही’ लिहिलं. मी सही केली. सही नेहमीसारखीच आली, सुबक.

संध्याकाळी आरतीला फोन केला आणि मला रडू आवरलं नाही. सिंधू गेली तेव्हा पाहुण्यांसमोर एवढा रडलो नव्हतो. म्हणालो, “सगळ्या गेल्या गं. एक कबरी राहिली. तेवढी जप.” आरती म्हणाली, “हाव अप्पा. जपते.”

२९ जानेवारी

सकाळी सहाला खुराड्याचं दार उघडायला गेलो. दार काढून नेलेलं आहे हे तिथं गेल्यावर लक्षात आलं.

आरतीला विचारलं, बसली आहे ना? “बसलीय.” खाते का काही? “खुडूक काय खाती अप्पा?” आणि भाकर तव्यावर आहे म्हणून फोन ठेवला. दुपारी तीन वाजता कुठली भाकर, कळलं नाही. बालाजीचं जेवण उशिरा झालं असेल.

१ फेब्रुवारी

सातवा दिवस. सातव्या दिवशी सिंधू अंडी उजेडासमोर धरून बघायची, आत लाल शिरा दिसल्या की अंडं भरलं. आरतीला म्हणालो, बघ आणि सांग. म्हणाली, “बघितली. नऊ भरलीत.” नऊ म्हणजे उत्तम. पण तिचा आवाज ओढलेला वाटला. पोरीला सर्दी झाली असावी.

३ फेब्रुवारी

फोन बालाजींनी उचलला. आरती दवाखान्यात गेली आहे म्हणाले. “तिला काय झालंय?” “तिला न्हाई काय झालं. कोंबड्या सुस्तावल्यात चार. औषध आणाया गेली.”

मानमोडी असेल, कोंबड्यांना या दिवसांत येते.

६ फेब्रुवारी

सावळवाडीत दोन दिवसांत आरतीच्या एकोणीस कोंबड्या मेल्या. शेजारी चांगुणाबाईंच्या सगळ्या. नमुने गेले आहेत.

मानमोडी नसेल तर. नको, हे लिहायला नको.

१० फेब्रुवारी

तीच साथ. आज सावळवाडीत पांढऱ्या कपड्यांतली माणसं गेली. अकराच्या अकरा घरांतल्या, आणि गावातल्या बाकीच्याही कोंबड्या मारल्या. आरतीच्या टोपल्या, खुराडं, सगळं जाळलं.

मी विचारलं, “आणि कबरी?”

तेव्हा ती बोलली. कबरी गेली होती, दुसऱ्याच दिवशी. मी सोडून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी अंड्यांवरच मान टाकून पडली होती. आरतीनं ती घरामागं पुरली आणि मला संध्याकाळी सांगायचं ठरवलं. संध्याकाळी धीर झाला नाही, उद्या सांगू म्हणाली. आणि उद्याच्या दिवशी माझा फोन गेला, एक कबरी राहिली, तेवढी जप.

“कसं सांगू अप्पा? तुमी तसे रडून राहिले होते. म्हणलं, पिल्लं निघाली की त्यातलं एक दावीन, कबरीचं म्हणून. अंडी वाया जाऊ न्हाई म्हणून माझ्या एका खुडूक कोंबडीखाली घातली होती. ‘बसलीय’ म्हणत होते ते खोटं न्हाई. ती बसलेली होती.”

कबरीच्या अंगाखालची अंडी, त्याच भुस्स्यासकट.

मग मी काळीचं सांगितलं. ती म्हणाली, “मला एवढं सांगितलं असतं तर मी तिला घरात घेतली नसती. आईची असली तरी घेतली नसती.”

तिनं मला दुःख होऊ नये म्हणून लपवलं. मी तिला घोर लागू नये म्हणून. दोघांतलं एक जरी तोंड उघडलं असतं तरी त्या बायकांच्या दारात आज कोंबड्या असत्या. नाही, हे बरोबर नाही. तिनं लपवलं ते नंतर. आधी मी लपवलं.

१५ फेब्रुवारी

एकविसावा दिवस.

१८ फेब्रुवारी

आरतीचा फोन. गावात डॉक्टरांनी सगळ्या बायकांना पारावर बसवून विचारलं होतं, मागच्या पंधरवड्यात बाहेरून कुणी पक्षी आणला का. चांगुणाबाईंनी हात वर केला. त्यांनी गाडीवाल्याकडून दहा पिल्लं घेतली होती, ती सांगितली. आरती त्यांच्या शेजारीच बसली होती. तिनं हात वर केला नाही.

आता सगळं गाव म्हणतं की चांगुणाबाईंनी साथ आणली. त्यांना गटातून काढलं. गिरणीत त्यांच्या दळणाला कुणी हात लावत नाही. त्या एकट्याच आहेत, मालक दहा वर्षांपूर्वी वारले.

मी म्हणालो, मी येतो आणि पारावर उभा राहून खरं सांगतो. तेहतीस वर्षं पारावर उभं राहूनच बोललो आहे.

आरती म्हणाली, “बोला. मग मला घिऊन जा. घरातल्यांला म्हाईत हाय तुमी कबरी आणली ते, पण बंदी असताना आणली हे न्हाई म्हाईत. तुमी बोलल्यावर इथं माझं तोंड कोण बघल? बालाजी? सासूबाई? त्या दहा बाया?” मग आवाज खाली आणून, “अप्पा, पाया पडते. नका येऊ बोलाया.”

२२ फेब्रुवारी

बोलायला नाही, भेटायला म्हणून गेलो. गल्लीत इतकी शांतता की आपल्याच चपला ऐकू येतात. आरती वाळली आहे. जावईबापू पाया पडले. चुलीजवळचा कोपरा शेणानं सारवला आहे. तिकडं मी पाहिलं नाही.

चहा होतो न होतो तोच चांगुणाबाई आल्या. दारातच उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत. “भाऊसाहेब आलेत म्हणलं, म्हणून आले. तुमी नियमातले माणूस. मला एक अर्ज लिहून द्या.”

आरतीनं माझ्याकडे पाहिलं आणि पाण्याची घागर उचलून मागं गेली.

मी ओट्यावर बसून अर्ज लिहिला. चांगुणाबाई सांगत होत्या. त्यांची पिल्लं आणली तेव्हा ठीक होती. आधी त्यांच्या नाही, दुसऱ्यांच्या कोंबड्या मेल्या. त्यांच्या डोक्यावर फुकटचं बालंट आलं आहे. साथ गावात कुठून आली याची सरकारनं चौकशी करावी आणि त्यांचं नाव मोकळं करावं. मी त्यांच्या बोलण्याला कचेरीची भाषा दिली. “तरी सदर रोगाचा प्रादुर्भाव नेमका कोणामुळे झाला याची सखोल चौकशी होऊन मला न्याय मिळावा, ही नम्र विनंती.” माझं अक्षर चांगलं आहे. या अर्जात तर फारच चांगलं आलं.

वाचून दाखवला. “खरं खरं लिवलं सगळं,” म्हणाल्या, आणि डोळे पुसून अंगठा उठवला. “भोकरला तुमीच द्या भाऊसाहेब. मी गेले तर बसवून ठिवतेत. तुमाला नंबर देतेन.”

अर्ज शर्टाच्या खिशात घडी करून ठेवला. बस भोकरच्या स्टँडवर अर्धा तास थांबली होती. कचेरी तिथून पाच मिनिटांवर आहे. मी खाली उतरलो नाही.

२५ फेब्रुवारी

अर्ज टेबलावर आहे. चौकशी कुणीही केली तरी ती दोन दिवसांत माझ्यापाशी येईल. फॉर्मवर माझी सही आहे. मला भीती माझी नाही, असं लिहिणार होतो. पण वहीत तरी खरं लिहावं. माझीही आहे.

रेणुकादास सर आले होते. पहिल्यांदाच आमच्या उंबऱ्यात. खुर्चीवर बसले. मग म्हणाले, “व्यंकटराव, पहाटे जाग येत नाही हल्ली.” जाताना म्हणाले, बंदी उठली की पुन्हा पाळा, नगरपरिषदेत मी लिहून देतो, माझी हरकत नाही म्हणून. मी लिहिलेला अर्ज समोर पडला होता. त्यांची नजर गेली तसे म्हणाले, “अक्षर मात्र काय सुंदर हो तुमचं.”

१ मार्च

सकाळी चांगुणाबाईंचा फोन आला.

“भाऊसाहेब, दिला का अर्ज?”

“दिला,” मी म्हणालो.

“नंबर काय दिला? इथं कुणी इस्वास ठेवीना. नंबर दावला म्हंजे गटातल्या बाया तरी बोलतेन. सांगा, शेजारची पोरगी लिहून घेतीया.”

मी टेबलावरच्या अर्जाकडे पाहिलं. वर उजव्या कोपऱ्यात नंबराची जागा कोरी होती. मी स्वतःच सोडली होती, बाबूला सोयीचं जावं म्हणून.

मी म्हणालो, “चारशे बारा.”

पलीकडं त्यांनी तो मोठ्यानं परत म्हटला. पोरीला म्हणाल्या, नीट लिही, अक्षरात पण लिही. मग मला म्हणाल्या, “तुमचे उपकार कसे फेडू, भाऊसाहेब?”